दारातल्या चपला

न्वे यीच्या लक्षात माणसांचे चेहरे राहायचे नाहीत, चपला राहायच्या. "परवा ती हिरव्या मखमली पट्ट्यांची आली व्हती बघ," असं ती म्हणायची आणि आम्ही ओळखायचं, की मंडलेहून मोटारीनं आलेली ती जाडी बाई. यात नवल काही नाही. जिचा जन्म देवळाच्या उंबऱ्याशी बसून गेला, तिला माणसं पायांकडूनच दिसणार.

आमच्या तमाबिन गावाच्या मागं, तिळाच्या रानात, ताडाचं देऊळ आहे. त्याचं खरं नाव कुण्या राणीवरून पडलंय म्हणतात, पण दाराशी एकुलता ताड उभा आहे म्हणून आमच्या तोंडी ताडाचं देऊळ. बगानच्या माळावर असली विटांची जुनी देवळं ढिगानं आहेत. मोठ्यांना रखवालदार, बाहेर बाजार, घोडागाड्यांची रांग. लहानांना कोण विचारतंय? पण ताडाच्या देवळात भिंतींवर चित्रं आहेत, शेकडो वर्षांपूर्वीची, नख लागलं तरी पोपडा निघावा अशी. म्हणून त्याला जाड सागवानी दार, दाराला मुठीएवढं कुलूप, आणि कुलपाची किल्ली गावातल्या एका घरात. कुणी देऊळ बघायला आलं की तिळात खुरपणारी माणसं हाकारा घालायची, "न्वे यीऽऽ, पाव्हणं आलंऽऽ!" आणि न्वे यी गालावरचा थनाक्याचा लेप वाळायच्या आत कमरेची किल्ली चाचपत, हातात बॅटरी घेऊन धावत सुटायची.

ही किल्ली तिच्या सासऱ्याची. सासऱ्याला एक मुलगी, एक मुलगा. मुलगी थोरली, थेन च्वे. सगळं गाव तिला आक्का म्हणतं. आक्कानं लग्न केलं नाही. म्हणजे, दोघं-तिघं बघायला आले होते, पण आक्का बोलायला लागली आणि ते चहा अर्धा टाकून गेले. किल्ली आक्काला मिळायची हे सगळे धरून चालले होते. पण म्हाताऱ्यानं मरताना ती सुनेच्या हातात दिली आणि म्हणाला, "थेन च्वेला दिली तर पाव्हणं सोड, एक दिवस बुद्धच उठून चालू लागंल."

म्हाताऱ्याचं खोटं नव्हतं. आक्का कधीमधी दाराशी बसली की पाव्हण्यांची धडगत नसे. पायमोजे घालून आत निघालेल्या गोऱ्याला तिनं मोज्याला धरून मागं ओढलं होतं. मूर्तीकडं पाय करून बसलेल्या एका बड्या बाईंना, "तुझ्या आईनं पाय दिले ते पोटाखाली घ्यायला दिले," असं सुनावलं होतं. ती बाई कुणा साहेबाची बायको निघाली. मग गावच्या पंचांनी साहेबाच्या घरी ताडगुळाची टोपली पाठवली, तेव्हा मिटलं.

पण किल्ली हातची गेली हे आक्काच्या मनातून काही गेलं नाही. न्वे यीचा नवरा तापानं गेला, पोरबाळ नव्हतं. दोघी एकाच कुंपणात, दोन घरांत राहायच्या. एकीच्या चुलीचा धूर दुसरीच्या डोळ्यांत जाईल एवढंच अंतर. आक्का पायरीवर बसून चिरूट ओढायची आणि किल्ली घेऊन निघालेल्या भावजयीला रोज एक तरी टोला हाणायची. "निघाल्या राणीसाहेब राज्यावर!" न्वे यी ऐकून घ्यायची. करणार काय? ती परगावची. ना मूल, ना नवरा. तमाबिनमध्ये तिचं जे काही होतं ते त्या किल्लीपाशी होतं. किल्ली गेली असती तर बोचकं बांधून नदीपलीकडं भावाच्या दारात जाऊन बसावं लागलं असतं, आणि भावाची बायको कशी होती हे आम्हाला ठाऊक होतं. तिच्यापुढं आक्का म्हणजे मवाळ.

देऊळ बंद करायची रीत सासऱ्यानं घालून दिलेली. आधी उंबऱ्याबाहेरच्या चपला बघायच्या. आमच्यात चपला घालून देवळात कुणी जात नाही, तेव्हा चपला असल्या तर माणूस आत, नसल्या तर नाही. तरीही आत तोंड घालून एकदा हाक द्यायची, "कुणी हाय का आत?" आणि मग कुलूप. इतक्या वर्षांत ही रीत कधी फसली नव्हती.

त्या साली फाल्गुनी पुनवेला फसली.

पुनवेचा उपोसथ म्हणजे गावातली म्हातारी माणसं अष्टशील, म्हणजे आठ व्रतं, घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत, विहारात जाऊन जपमाळ ओढत बसतात. आक्का त्यात आणखी मौन पाळायची. दुसऱ्या दिवशी उजाडून तळहाताच्या रेषा दिसेपर्यंत तोंडातून शब्द काढायची नाही. गाव पुनवेची वाट बघायचं ते काही नुसत्या पुण्यासाठी नव्हे.

त्या दिवशी न्वे यीनं पहाटेच देऊळ उघडलं, झाडून काढलं, मूर्तीपुढं फुलं आणि पाण्याचे पेले मांडले. मग कुळीथ चुलीवर शिजत होते म्हणून घरी आली. बघते तर आक्काच्या चपला आक्काच्या पायरीवर. तपकिरी रबराच्या, डाव्या अंगठ्याशी तारेनं शिवलेल्या. म्हणजे आक्का घरात. दार लोटलेलं होतं. मौनाच्या दिवशी आक्काच्या दारात डोकवायचं म्हणजे पाहुणचाराला आलेल्या शांततेला हुसकावण्यासारखं. न्वे यीनं डोकावलं नाही.

ऊन वर आलं आणि भोंगा वाजवत एक बस रानात शिरली. प्ये गावच्या बायकांची सहल. चाळीसेक बायका, सगळ्यांच्या केसांत एकसारखी पिवळी फुलं. त्यांची पुढारीण टिन म्या नावाची, बाजारात सुकी मासळी विकणारी, तीन माणसांच्या जागेत एकटी मावणारी. एवढ्या चपला देवळाच्या दाराशी एकदम कधी पडल्या नव्हत्या. न्वे यी खुशीत आली. बॅटरी मारून एकेक चित्र दाखवू लागली. हा राजपुत्र घर सोडून निघालाय, हा घोडा रडतोय, या होड्या.

"आणि मागं काय हाय?" टिन म्यानं मूर्तीच्या पाठीमागच्या अंधाऱ्या बोळाकडं बोट केलं.

"मागं काय न्हाई. वटवाघळं हाइत. घाण वास मारतो."

"गाव लई शांत हाय गं तुमचं."

"आजच्या दिवस!" न्वे यी हसली. एवढं श्रोतृमंडळ मिळाल्यावर कुणाची जीभ जागेवर राहते? "आमची नणंद आज मौनात हाय. पुनव म्हणजे आख्ख्या गावाला सुट्टी. कावळंबी आज जरा मोकळेपणी ओरडत्यात."

चाळीस बायका खिदळल्या. प्रत्येकीला एक नणंद होती.

चपला घालता घालता टिन म्या म्हणाली, "आम्ही आता पोपाला चाललोय. तुम्ही बघितला असंल की हज्जारदा."

"इथनं बघितलाय," न्वे यी म्हणाली. "रोज बघते. त्यो काय दिसतोय."

खरंच, माळाच्या कडेला पोपा डोंगर निळा दिसत होता. टिन म्यानं डोंगराकडं बघितलं, मग न्वे यीकडं. "म्हंजे वर गेली न्हाईस? जल्मात?"

"मी गेले तर दार कोण उघडंल?"

"अगं बये! जगाला देवळं दाखवतीस आन् सवता एक डोंगर बघितला न्हाईस? चल ऊठ. आमच्यातली एक रात्रभर ओकून धर्मशाळेत निजलीय, तिची जागा मोकळी हाय. सांजच्याला आणून सोडते."

न्वे यी नको नको म्हणत होती, पण तिचे पाय केव्हाच बसकडं वळले होते. ड्रायव्हर फो काउंग उन्हात भाजलेला, भोंग्यावरचा हात काढेना. बायका खिडक्यांतून "चला की मावशी" करत होत्या. ती धावत उंबऱ्याशी आली. चपला बघितल्या. एकसुद्धा नव्हती. आत तोंड घातलं, हाक दिली, "कुणी हाय का आत?" कान दिला. वटवाघळांची फडफड तेवढी. कुलूप घातलं, किल्ली नेसत्या लुंगीच्या गाठीत खोवली आणि पन्नाशी उलटलेली ती बाई पोरीसारखी उडी मारून बसमध्ये चढली. नाक्यावर पान विकणारी थिदा सांगत होती, की खिडकीत बसून हसत होती, दात दिसत होते सगळे.

वाटेत तिनं सगळं बघितलं. ताडी काढणारे ताडावर चढलेले, घाण्याभोवती फिरणारे बैल, शेंगदाण्याची रानं. यातलं तिनं न बघितलेलं काहीच नव्हतं. पण बसच्या खिडकीतून ते सगळं दुसऱ्याचं झालं होतं, आणि दुसऱ्याचं ते बघण्याजोगं असतं. टिन म्यानं तिला आंबवलेल्या चहाच्या पाल्याची मूठ दिली, शेंगदाणे नि लसूण घातलेली. न्वे यी खात होती आणि म्हणत होती, "बघा की हो, ढोरंसुद्धा किती झ्याक दिसत्यात."

पोपाच्या पायथ्याशी चपलांचा डोंगर होता. डोंगराखाली आणखी एक डोंगर. एक म्हातारा ओट्यावर बसून त्या राखत होता. न्वे यी तिथंच रेंगाळली. बाकीच्या बायका माकडांना हुसकावत पायऱ्या चढू लागल्या, ही मात्र चपला बघत उभी. आपल्यासारखंच काम करणारा माणूस तिला जन्मात पहिल्यांदा भेटला होता.

"कसं वळखता हो मामा, वर किती माणूस हाय ते?"

"चपलांवरनं, दुसरं काय! पर पुनवेला काय खरं न्हाई बघ," म्हातारा कुरकुरला. "पुनवेला नवसाची माणसं घरनंच अनवाणी येत्यात. ती बघ आली एक."

रस्त्यावरून एक म्हातारी येत होती. अंगावर तपकिरी उपरणं, हातात जपमाळ, पाय धुळीनं पांढरे. म्हाताऱ्यानं काही विचारलं तर तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि पायऱ्यांना लागली.

"आता सांग," म्हातारा म्हणाला. "हिच्या चपला हितं न्हाईत. ही वर हाय का घरात हाय, मी कशावरनं सांगू? हाक मारली तर वो देणार न्हाई. मौन!"

न्वे यीच्या हातातला पाला खाली पडला.

आक्काचा गुडघा. दोन महिने आक्का गुडघ्याला तेल चोळत होती. नवस बोलली असेल. नवस कुणाला सांगायचा नसतो. पायरीवर चपला, पण पहाटे पायरीशी चुळीचं पाणी ओलं नव्हतं. दार लोटलेलं, पण चिरुटाचा वास नव्हता. विहारात आज कर्णा लावून पाठ चालला होता, आणि कर्ण्याखाली बसून मौन कसलं पाळायचं असं आक्का आदल्या दिवशीच करवादली होती. मग ती कुठं जाईल? जिथं बापानं तिला लहानपणी मांडीवर बसवून जप शिकवला, तिथं. मूर्तीच्या मागं. त्या बोळात.

आणि पाठोपाठ तिला आठवलं, की त्याच मूर्तीपुढं उभं राहून आपण चाळीस जणींना काय सांगितलं.

ती पळत बसशी आली. फो काउंग बसखाली झोळी बांधून घोरत होता. टिन म्या पायऱ्या बघूनच दमली होती. ती सावलीत बसून कलिंगड खात होती.

"दादा उठा! मला गावाला सोडा! मी माझी नणंद कोंडून आले!"

फो काउंगनं एक डोळा उघडला. "चाळीस जणी वर हाइत मावशी. त्यांना सोडून कसं जाऊ? सांजच्याला जाऊ. नणंद कुटं पळून जातीय?"

"म्हातारी हाय हो ती! सत्तरीची! आन् गाव म्हणंल मी मुद्दाम केलं. मी तरी काय सांगणार? मी हाक मारली व्हती, पर कुणी ऐकली?"

"मी न्हाई ऐकली," फो काउंग म्हणाला. खरंच होतं. त्याचाच हात भोंग्यावर होता.

टिन म्यानं कलिंगडाची साल फेकली, हात लुंगीला पुसले. "काउंग, मशीन चालू कर. त्या वर माकडांबरोबर खेळू देत, परत येऊन घेऊन जाऊ. अरं डोंगर काय कुणीबी बघतो. नणंद कोंडलेली मी अजून बघितली न्हाई."

रिकामी बस माळावरून धडधडत निघाली. न्वे यी सगळ्यात पुढच्या जागेवर, दोन्ही हातांनी किल्ली धरून. तेच बैल, तेच ताड; पण आता तिला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. टिन म्या धीर देत होती, तिच्या परीनं. "आत गारवा असतो गं जुन्या देवळांत. भिंती केवढ्या जाड! आमच्याकडं एक म्हातारा असाच तीन दिवस..." मग तिला त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं ते आठवलं असावं, कारण ती बाहेर बघू लागली.

उन्हं कलली होती तेव्हा बस गावात शिरली. न्वे यी आधी घरी धावली. पायरीवरच्या चपलांवर कोंबडी बसली होती. घरात चटई गुंडाळलेली. विहाराच्या दारातून म्हाताऱ्या घरी येत होत्या, त्यात आक्का नव्हती. "आक्का बघितली का? आक्का?" असं ओरडत ती देवळाकडं निघाली तसं मागं गाव लागलं. देवळाचे पंच ऊ चित पे हातात दातकोरणं घेऊन तसेच आले. पानाचं दुकान उघडं टाकून थिदा आली.

न्वे यी घाईत किल्ली उलटीच घालत होती. शेवटी टिन म्यानं तिचं मनगट धरून फिरवली. दार करकरलं. न्वे यी बॅटरी न घेताच आत घुसली, मूर्तीला वळसा घालून मागच्या बोळात गेली.

बोळात अंधार नव्हता. मागच्या भिंतीत विटांची जाळी आहे, तिच्यातून मावळतीचं ऊन आत आलं होतं आणि सगळी भिंत मधासारखी पिवळी झाली होती. त्या उजेडात आक्का पाय पोटाशी घेऊन बसली होती. ताठ. हातात जपमाळ, मणी चालू. तिनं वर बघितलं.

"आक्का!" न्वे यी तिच्या पायांशी कोसळली. "जित्ती हाइस ना गं? आक्का, शिव्या दे मला. काय पण बोल. रांड म्हण, अवदसा म्हण!"

आक्कानं ओठ घट्ट मिटले. मग भिंतीला हात लावून उठली, गुडघा एकदा चोळला आणि स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. न्वे यी रडत मागोमाग. तिचं रडणं आता निराळं होतं. दुपारपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला की माणूस रडतं तसं.

पण दुसरा धोंडा बाहेर उभा होता.

"मुद्दाम केलं," थिदा म्हणाली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढं. "नणंद आत आन् ही बसमधनं दात काढत चालली व्हती. माझ्या डोळ्यानं बघितलंय."

ऊ चित पे दातकोरणं खिशात ठेवून म्हणाले, "न्वे यी, दार लावताना बघितलं न्हाईस?"

"चपला नव्हत्या, भाऊ. आन् हाक मारली मी. मामंजींनी शिकवल्यापरमानं."

"हाक कुणी ऐकली?"

टिन म्या म्हणाली, "मी ऐकली असं म्हणाले असते, पर पुनवेचं खोटं कसं बोलू? हा मेला भोंगा वाजवत व्हता."

"मग ऐकणारी एकच," ऊ चित पे म्हणाले. सगळ्यांची मान आक्काकडं वळली. "ती उद्या उजाडल्याशिवाय बोलायची न्हाई. उद्या विचारू. तिनं न्हाई म्हटलं तर न्वे यी, किल्ली तुझ्याकडं ठेवता यायची न्हाई. माणूस आत असताना कुलूप घालणारीला किल्ली कशी द्यायची?"

तेवढ्यात आक्कानं हात पुढं केला. तळहात वर, न्वे यीसमोर.

न्वे यीनं त्या हाताकडं बघितलं. वर्षानुवर्षं हाच हात तिच्या स्वप्नात येत होता. तिनं लुंगीची गाठ सोडली, काळ्या दोऱ्यासकट किल्ली काढली आणि आक्काच्या हातावर ठेवली. आक्कानं किल्लीकडं बघितलं, न्वे यीकडं बघितलं, तोंड वाकडं केलं आणि मूठ मिटून घराकडं चालू लागली.

"न्याय झाला," थिदा म्हणाली.

त्या रात्री आमच्या गावात लवकर कुणी झोपलं नाही, पण न्वे यीच्या घरात दिवा नव्हता. तिनं बोचकं बांधलं होतं. दोन लुंग्या, नवऱ्याचा फोटो, कुळथाच्या काळ्या वाटणाची एक बरणी. भावाच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं?

फटफटायच्या आधीच आक्काच्या अंगणात माणसं जमली. फो काउंगनं रात्रीच पोपाहून सगळ्यांना आणलं होतं. प्येची बस पहाटे परत निघायची होती, टिन म्यानं ती निघू दिली नव्हती. चाळीसच्या चाळीस बायका केसांत कालचीच सुकलेली फुलं घेऊन कुंपणाला रेलल्या होत्या. बगान बघायला आलेल्या बायका आता आक्का बघायला उभ्या. रात्रभर ओकलेलीसुद्धा आली होती.

आक्का पायरीवर बसली होती. मूठ मिटलेलीच. पूर्वेला उजळलं, तसा तिनं डावा हात डोळ्यांपुढं धरून बघितला. अजून नाही. कोंबडं आरवलं. पुन्हा बघितला. नाही. मग तिनं उजवी मूठ उघडली. तळहातावर किल्ली होती, आणि किल्लीच्या दोन्ही बाजूंनी रेषा दिसत होत्या.

"चिरूट," आक्का म्हणाली.

कुणाला कळेना.

"चिरूट मागितला व्हता मी! घरातले सरलेले, दिवसभर आत धूर न्हाई, इस्तू न्हाई. भायेर आले, हात पुढं केला, तर ह्या भवानीनं हातावर लोखंड ठेवलं. लोखंड ओढू का मी?"

कुंपणावरच्या चाळीस बायकांत एक हुंकार फिरला.

ऊ चित पे खाकरले. "आक्का, ते असू दे. हिनं हाक मारली व्हती का?"

आक्कानं कोपऱ्यात बोचकं घेऊन उभ्या असलेल्या न्वे यीकडं वरपासून पायांपर्यंत बघितलं. आम्हाला वाटलं, झालं. इतक्या वर्षांची वाफ आता निघणार.

"मारली," आक्का म्हणाली. "बेडकासारखा आवाज हाय तिचा, भिंतीत घुमला. मी ऐकली."

"मग टाळी तरी वाजवायचीस!"

"मौन म्हंजे मौन, चित पे. हातानं बोलायचं तर तोंडानं बोलायला काय झालं व्हतं? मला वाटलं, आत येऊन बघंल. आली न्हाई. बापानं तिला हाक मारायला शिकवली, आत येऊन बघायला शिकवलं न्हाई, ही बापाची चूक. आन् चपला पायरीवर ठेवून गेले, ही माझी." मग म्हणाली, "चिरुटाला हात पुढं केला तीबी माझीच. मौनात मागू नये. गुडघा बरा व्हायचा न्हाई आता."

न्वे यीचं बोचकं हातातून गळलं. बरणी फुटली नाही, हे आम्ही आधी बघितलं.

"आत पाणी?" कुणीतरी विचारलं.

"बुद्धापुढचं प्यायले. मनातल्या मनात विचारून. त्यो काय बोलला न्हाई, त्याचंबी मौनच."

मग आक्कानं न्वे यीला बोटानं जवळ बोलावलं. "आन् काय गं, पुनवेला गावाला सुट्टी व्हय? कावळं मोकळेपणी ओरडत्यात व्हय?"

चाळीस बायकांनी एकदम दुसरीकडं बघितलं. टिन म्या तर ताड मोजू लागली.

"आक्का, जीभ घसरली..."

"घसरू दे. माझी रोज घसरती. पर त्या बाईला 'मागं काय न्हाई' म्हणालीस, ते मातर खोटं." आक्काचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मागं हाय. दुपार कलली की जाळीतनं ऊन येतं आन् भिंत उजळती. धर्म ऐकायला बसलेल्या माणसांची रांग हाय तितं, सगळी हात जोडून म्होरं बघत्यात. आन् मधी एक बाई, मान मागं वळवून शेजारणीच्या कानात कायतरी सांगतीय. आख्ख्या रांगेत एकटी. ऊन आल्यापास्नं मी तिच्याकडंच बघत बसले. सत्तर वर्सं त्या देवळात जातीय, सकाळचीच जात आले, मला कधी दिसलीच न्हाई. शानी हाय बाई. पाव्हण्यांना दाखवत जा."

तिनं न्वे यीचा हात ओढला, त्यात किल्ली कोंबली आणि वर बोटं मिटवली. "घे. मला न्हाई जमायचं दार राखायला. पयल्याच दिवशी कुणाचातरी मोजा फाडीन. आता चिरूट दे कुणीतरी!"

चाळीस हात पुढं आले. प्येच्या बायका चिरुटाच्या बाबतीत उदार असतात.

बस जायच्या आधी टिन म्या मागचा बोळ बघायचाच म्हणून हटून बसली, पण सकाळी तिथं अंधार. न्वे यीनं बॅटरी मारली तर नुसते पोपडे दिसले. "परत ये कलत्या उन्हाची," आक्का बाहेरून ओरडली, "आन् येताना त्या भोंगेवाल्याला घरी ठेव!"

तेव्हापासून ताडाच्या देवळात दुपार कलताना येणाऱ्यांना न्वे यी आधी मागं नेते. कुलूप घालताना चपला बघते, हाक मारते, आणि तरीही बॅटरी घेऊन एक फेरी मारून येते. आक्काचं बोलणं काही कमी झालं नाही. गुडघाही तसाच आहे. पण पुनवेला ती अजून अनवाणीच जाते. चपला हातात धरून चालत येते, उंबऱ्याशी नीट जोडून ठेवते, डावीच्या तारेवरची धूळ पुसते आणि मग आत जाते.

मागल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आक्का पायरीवरून म्हणाली, "न्वे यी, पोपा चढलीस का गं तवा?"

"कुटलं! पायथ्याशीच चपला बघत बसले."

आक्कानं धूर सोडला. "पुढच्या खेपेला मला संगं घेऊन जा. म्हंजे मागं कोंडायला कुणी उरणार न्हाई."